अकरावीचा प्रकल्प: नोंदी, संदर्भ आणि स्वतःच्याच निष्कर्षांची पारख मुलांना कशी शिकवावी?

गंगापूररोड_मॅडम

नमस्कार मंडळी. अकरावीच्या मुलांकडून स्थानिक विषयांवर प्रकल्प करून घ्यायचे आहेत, पाच जणांचा एक गट. विषय ठरलेत: सोमेश्वर ते रामकुंड गोदावरीचं पाणी, लासलगावचे कांद्याचे भाव, सराफ बाजारात शिरणारा पूर, आणि पांडवलेण्यांतले शिलालेख.

माहिती गोळा करायला मुलं मागे नसतात. अडतं ते त्यानंतर. फोटो पाच जणांच्या पाच मोबाईलमध्ये, मुलाखत कुणाच्या तरी वहीच्या मागच्या पानावर, पेपरातलं कात्रण आहे पण तारखेची पट्टी कापून टाकलेली. अहवालाच्या शेवटी संदर्भ म्हणून ‘गूगल, यूट्यूब, विकिपीडिया’. आणि निष्कर्ष असा की तो नदीवर न जाताही लिहिता आला असता: ‘म्हणून आपण नदी स्वच्छ ठेवली पाहिजे.’

आठवड्याला ४५ मिनिटांचे दोन तास मिळतात, ऑगस्ट ते डिसेंबर. संगणक कक्षात एका वेळी जेमतेम निम्मी मुलं बसतात. माहितीची मांडणी, संदर्भ देणं आणि आपल्याच निष्कर्षांची पारख, या तीन गोष्टी कोणत्या क्रमाने आणि किती खोलात शिकवाव्यात? नेमकं सांगितलंत तर उपयोग होईल.

पंचवटी_भूगोल

मॅडम, या तीन गोष्टी तीन वेगळे धडे म्हणून शिकवू नका. माहिती हातात आली त्याच वेळी तिला स्रोताचा क्रमांक लागला की मांडणी, संदर्भ आणि पारख तिन्ही त्या क्रमांकाच्या आधाराने होतात. तो तेव्हा लागला नाही तर डिसेंबरात कितीही शिकवा, मुलं संदर्भ अंदाजाने भरतात.

गटाला एक शंभरपानी वही द्या. ही स्रोतवही. एका ओळीत एक स्रोत: क्रमांक, काय आहे, कुठून किंवा कोणाकडून मिळालं, तारीख, आणणाऱ्याचं नाव. पुस्तक, कात्रण, मुलाखत, संकेतस्थळ, स्वतः घेतलेलं मोजमाप, फोटो, सगळ्यांना एकाच पद्धतीचे क्रमांक. वही एक आणि मुलं पाच, त्यामुळे दोन जण एकच क्रमांक वापरतात आणि घोळ होतो. म्हणून पहिल्याला १०१ पासून, दुसऱ्याला २०१ पासून, असे आकडे वाटून द्या. शतकाच्या आकड्यावरून स्रोत कोणी आणला तेही कळतं. एखादा स्रोत पुढे निरुपयोगी ठरला तरी ओळ खोडरबराने पुसायची नाही. त्यावर आडवी रेघ मारायची आणि कारण लिहायचं: ‘जाहिरात आहे’, ‘मूळ सापडलं नाही’, ‘वर्ष कळत नाही’. परीक्षकाला मुलांनी काय नाकारलं हे या रेघांवरूनच कळतं, आणि मला तर चांगल्या प्रकल्पाची ती पहिली खूण वाटते.

पुढची पायरी चिठ्ठ्या. ए-फोर कागदाचे चार तुकडे करा, तेवढा आकार पुरतो. एका चिठ्ठीवर एकच मुद्दा. उजव्या कोपऱ्यात स्रोत क्रमांक आणि पान. डाव्या कोपऱ्यात एक अक्षर: ‘उ’ म्हणजे जसाच्या तसा उतारा, ‘सा’ म्हणजे स्वतःच्या शब्दांत सारांश, ‘म’ म्हणजे मुलाचं स्वतःचं मत किंवा शंका. हे अक्षर टाळू देऊ नका. दोन महिन्यांनी चिठ्ठी हातात घेतल्यावर वाक्य आपलं की पुस्तकातलं हे कोणालाच आठवत नाही, आणि पुष्कळशी नक्कल वाईट हेतूने नव्हे तर इथूनच होते. सराव सोपा आहे: पेपरातलं एक बातमीचं कात्रण द्या, एक ‘उ’ आणि एक ‘म’ चिठ्ठी लिहून घ्या, मग कात्रण पालथं ठेवून ‘सा’ लिहायला सांगा. समोर कात्रण असेल तर सारांशात शब्द तेच उतरतात, फक्त क्रम बदलतो.

मोबाईलचं. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की तो दाबला जातो आणि त्यातली वेळ-ठिकाणाची नोंद निघून जाते. पूररेषेच्या फोटोत तीच तर हवी असते. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला शिकवा. फाईलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग ठिकाण, मग आद्याक्षरं. वर्ष पुढे असलं की फाईली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. एकाच सामायिक ड्राइव्हवर तीन फोल्डर: ‘कच्चं’, ‘काम’, ‘अहवाल’. ‘कच्चं’मध्ये एकदा टाकलेलं कोणी बदलायचं नाही. दुरुस्ती करायची तर प्रत ‘काम’मध्ये न्यायची.

एक्सेलमध्ये तीन ठिकाणी हमखास गोंधळ होतो. एकक आकड्याच्या घरात लिहिलं (‘५.८ मिग्रॅ’) तर तो आकडा राहत नाही, एकक रकान्याच्या डोक्यावर लिहा. देवनागरी अंक टाकले तर एक्सेल बऱ्याचदा त्यांना मजकूर धरतं आणि बेरजेतून ते गुपचूप गळतात, म्हणून कच्च्या तक्त्यात इंग्रजी अंक आणि अहवालात हवे तर मराठी. आणि एकच रकाना निवडून क्रम लावला तर बाकीचे रकाने जागेवर राहतात. मंगळवारचं वाचन शुक्रवारपुढे जाऊन बसतं आणि तक्ता दिसायला अगदी व्यवस्थित दिसतो. रिकामं घर आणि शून्य यांतला फरकही सांगा: मोजलंच नाही तर ‘मो.ना.’ असं लिहावं.

चिठ्ठ्या साठ-सत्तर झाल्या की बाकावर पसरा. स्रोतानुसार गठ्ठे लावू देऊ नका, नाहीतर अहवाल ‘या पुस्तकात असं, त्या पेपरात तसं’ असा होतो. गठ्ठे प्रश्नानुसार लावा. मग एका मोठ्या कार्डशीटवर आडव्या ओळींत प्रश्न आणि उभ्या रकान्यांत स्रोत क्रमांक. रिकामी घरं म्हणजे अजून काय शोधायचं ते. एकाच ओळीत दोन स्रोतांचे आकडे जुळत नसतील तिथे लाल टिंब.

पुराच्या गटाला लाल टिंबं खूप मिळतील. एकाच दिवशी एका पेपरात विसर्गाचा एक आकडा, दुसऱ्यात दुसरा, तिसऱ्यात दुप्पट-तिप्पट. मुलं म्हणतात पेपर खोटं छापतात. प्रत्यक्षात एक आकडा गंगापूर धरणाचा असतो, दुसरा होळकर पुलाजवळचा, तिसरा नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्याचा. धरणाच्या खाली शहरातलं पावसाचं पाणी मिळतं, पुढे दारणा आणि कादवा यांचं पाणी येतं, म्हणून खालचा आकडा मोठा. तिन्ही बरोबर, फक्त जागा वेगळ्या. शिवाय विसर्ग दिवसात अनेकदा बदलतो, म्हणून आकड्याबरोबर तास हवाच. एककही पाहा: एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८.३ लिटर, आणि एक क्युमेक म्हणजे ३५.३ क्युसेक. तेव्हा चिठ्ठीवर आकडा, जागा, वेळ, एकक हे चारही नसतील तर ती चिठ्ठी परत पाठवा.

रामकुंडाजवळच्या नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की छातीला, यावरून नाशिककर पुराची उंची सांगतात. मुलाखतीत हेच मोजमाप येणार. ते टाकाऊ नाही, उलट १९६९, २००८, २०१६, २०१९ या वर्षांची तुलना करायला ती एक स्थिर खूण आहे. फक्त सांगणाऱ्याने स्वतः पाहिलं की ऐकलं, हे त्याच चिठ्ठीवर लिहून घ्यायचं. आणि पूर ओसरल्यावर मूर्तीच्या पायथ्यापासून कमर आणि छाती किती उंचीवर येते ते टेपने मोजून आणलं, तर त्या सांगण्याचं मीटरमध्ये रूपांतर होतं.

ग्रंथपाल_नाशिकरोड

स्रोतवहीच्या कल्पनेला पूर्ण अनुमोदन. संदर्भाच्या बाजूने भर घालतो.

मुलांना एपीए, एमएलए या संदर्भ लिहिण्याच्या शैली अकरावीत पाठ करायला लावू नका. पाच प्रश्न पुरे: कोणी, कधी, काय, कोणी प्रसिद्ध केलं आणि कुठे, कोणतं पान. विद्यापीठात गेल्यावर स्वल्पविराम कुठे आणि तिरपी अक्षरं कुठे ते बदलेल, हे पाच प्रश्न बदलणार नाहीत. मजकुरात कंसात आडनाव, वर्ष, पान. शेवटी पूर्ण यादी, मराठी वर्णक्रमाने. एकच पद्धत ठरवा आणि सगळ्या गटांना तीच द्या.

माहिती मुखपृष्ठावरून नव्हे, आतल्या शीर्षकपानावरून आणि त्याच्या मागच्या बाजूवरून घ्यायची. तिथे आवृत्ती आणि पुनर्मुद्रण वेगवेगळं छापलेलं असतं. मजकूर आवृत्तीत बदलतो, पुनर्मुद्रणात सहसा बदलत नाही, म्हणून वर्ष आवृत्तीचं घ्या. जुन्या पुस्तकांवर फक्त शक असेल तर त्यात ७८ मिळवा. जानेवारी ते मार्चमधलं प्रकाशन असेल तर ७९. शके १९०५ म्हणजे १९८३-८४. महिना ठाऊक नसेल तर दोन्ही वर्षं जोडून लिहा.

नावांबाबत एक नियम: शीर्षकपानावर जे छापलंय तेच. नाशिकच्याच उदाहरणाने सांगायचं तर कवितासंग्रहावर ‘कुसुमाग्रज’ आहे आणि नाटकावर ‘वि. वा. शिरवाडकर’. मुलं ‘सुधारणा’ म्हणून दोन्हीकडे एकच नाव लिहितात, मग ग्रंथालयाच्या तालिकेत शोधणाऱ्याला पुस्तक सापडत नाही. संदर्भाचं काम एवढंच की वाचणाऱ्याला त्याच पानावर पोहोचता यावं.

नाशिकच्या कुठल्याही विषयात जिल्हा गॅझेटिअर येतंच, आणि चूकही तिथेच होते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा नाशिकचा खंड १८८३ चा, क्रमांक १६. मुलं तो इंटरनेटवर वाचतात आणि वर्ष लिहितात चालू साल. मग एकोणिसाव्या शतकातली पिकं, रस्ते, लोकसंख्या आजची म्हणून अहवालात येते. संकेतस्थळावर वाचलं तरी मूळ प्रकाशनाचं वर्ष पहिलं, पाहिल्याची तारीख शेवटी. लोकसंख्येसारख्या आकड्यापुढे तर जनगणनेचं वर्ष लिहायलाच हवं: २०११ च्या जनगणनेत जिल्हा ६१,०७,१८७. वर्षाशिवाय हा आकडा निरर्थक आहे.

वर्तमानपत्राच्या संदर्भात पेपराचं नाव, आवृत्ती (‘नाशिक’), तारीख, पान, मथळा. आवृत्ती का? तीच बातमी पुणे आवृत्तीत दुसऱ्या पानावर असते किंवा नसतेच. कात्रण कापण्याआधी पूर्ण पानाचा फोटो घ्यायचा, म्हणजे तारखेची पट्टी हरवत नाही.

मुलाखतीत नाव द्यायचं की नाही हे आधी विचारून घ्यावं. परवानगी नसेल तर ‘मुलाखत, स्रोत क्र. २०३, कांदा उत्पादक, निफाड तालुका, तारीख’ एवढंच. फोन नंबर स्रोतवहीत राहील, अहवालात जाणार नाही.

शिलालेखाच्या गटाला एक विशेष सूचना. पांडवलेण्यांतल्या लेणे क्र. ३ मध्ये गौतमी बलश्रीचा लेख आहे, ब्राह्मी लिपी आणि प्राकृत भाषा. मुलं लेखाचा फोटो काढतात आणि खाली पुस्तकातला अनुवाद लिहितात, संदर्भ मात्र ‘प्रत्यक्ष भेट’. हे चालणार नाही. दगडाचा फोटो एक स्रोत, वाचन आणि अनुवाद दुसरा. मुलांनी लेख वाचलेला नाही, कोणीतरी वाचून छापलेला अनुवाद वाचलाय, तर श्रेय त्या अनुवादकाला. तसंच एका पुस्तकात दुसऱ्याचं अवतरण सापडलं आणि मूळ पाहिलं नाही तर ‘अमुक यांच्या पुस्तकात उद्धृत’ असं सरळ लिहावं. त्यात कमीपणा काही नाही.

झोटेरोसारखं संदर्भयादी आपोआप बनवणारं मोफत साधन बारावीनंतर शिकवा. मराठी यादीत ते मध्येच इंग्रजी जोडशब्द घालतं, नावांचा क्रम उलटसुलट करतं, आणि मुलं यंत्राने दिलंय म्हणून तपासत नाहीत.

गंगापूररोड_मॅडम

दोघांचेही आभार, हे लगेच वापरता येईल असं आहे. दोन शंका. विकिपीडिया पूर्ण बंद करावा का? आणि चॅटजीपीटीला विचारून आणलेल्या संदर्भांचं काय करायचं? नाव, वर्ष, प्रकाशक सगळं नीट असतं, आणि पुस्तक मात्र कुठेच सापडत नाही.

ग्रंथपाल_नाशिकरोड

विकिपीडिया बंद करू नका, तो वाट विचारायला चांगला आहे. लेखाच्या तळाशी जे संदर्भ आहेत ते उघडायचे, वाचायचे आणि जे वाचले तेच द्यायचे. न उघडता तळातला संदर्भ उचलून आपल्या यादीत टाकणं ही खोटी साक्ष झाली, हे मुलांना याच शब्दांत सांगा. लेखातलंच काही वापरायचं असेल तर ‘इतिहास’मध्ये जाऊन त्या तारखेच्या आवृत्तीचा दुवा घ्या, कारण लेख उद्या बदलेल.

चॅटजीपीटीसारखी साधनं संदर्भासारखा दिसणारा मजकूर तयार करतात. तो खरा असेलच असं नाही, लेखक खरा आणि पुस्तक काल्पनिक असंही होतं. नियम एकच ठेवा: शीर्षकपानाचा आणि वापरलेल्या पानाचा फोटो ‘कच्चं’ फोल्डरमध्ये असल्याशिवाय छापील स्रोताला क्रमांक मिळणार नाही. संकेतस्थळासाठी पानाची पीडीएफ प्रत. तोंडी परीक्षेत यादीतले कुठलेही तीन संदर्भ निवडा आणि पाच मिनिटांत ते पान दाखवायला सांगा. क्रमांक नीट लावलेल्या गटाला दोन मिनिटंही लागत नाहीत.

आणि मुलांना एकदा ‘सावाना’त, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिकमध्ये, घेऊन जा. १८४० सालचं वाचनालय आपल्या गावात असताना मुलांनी तालिका कशी पाहायची हे फक्त पडद्यावर शिकू नये.

रसायन_सातपूर

तिसऱ्या भागावर, म्हणजे पारखेवर, फारसं बोलणं झालेलं नाही. मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

मुलं तीन गोष्टी एकत्र कालवतात: काय आढळलं, त्याचा अर्थ काय, आणि पुढे काय करावं. ‘नदी स्वच्छ ठेवली पाहिजे’ ही सूचना आहे, निष्कर्ष नाही. अहवालात तीन स्वतंत्र मथळे सक्तीचे करा: आढळलेलं, निष्कर्ष, सूचना. ‘आढळलेलं’मधल्या प्रत्येक वाक्याशेवटी स्रोत क्रमांक. ‘निष्कर्ष’मधल्या प्रत्येक वाक्याशेवटी ‘आढळलेलं’मधल्या वाक्याचा क्रमांक. ज्या निष्कर्षामागे क्रमांक लागत नाही तो खोडायचा. मॅडम, एवढ्या एका तासात निम्मा अहवाल स्वच्छ होतो.

आता पाण्याच्या गटाचं उदाहरण घेऊ. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन विंकलर पद्धतीने, म्हणजे रसायनं घालून टायट्रेशनने, मोजणार असतील तर बाटली ३०० मिलिची, काठोकाठ भरलेली, आत बुडबुडा नको. मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड नदीकाठीच घालून नमुना ‘बांधायचा’, म्हणजे त्यातला ऑक्सिजन आहे तेवढाच राहतो. कॉलेजात आणून घातलं तर वाटेत हवा मिसळते, जंतू ऑक्सिजन खातात, आणि मिळालेला आकडा नदीचा नसतो. पुढे आम्ल शिक्षकाने घालावं. २०० मिलि नमुना आणि ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेट घेतलं की जितके मिलि थायो लागलं तितके मिग्रॅ प्रति लिटर, वेगळा हिशोब नको.

समजा सोमेश्वरला तीन नमुन्यांत ५.८, ६.१, ५.६ आले आणि रामकुंडावर ५.५, ६.०, ५.४. मुलं सरासरी काढतात ५.८३ आणि ५.६३, आणि लिहितात ‘रामकुंडावर ऑक्सिजन कमी, म्हणून प्रदूषण जास्त’. इथे थांबवा. ब्युरेटवर (थायो मोजून सोडायच्या नळीवर) एका दशांशापर्यंतच विश्वास ठेवायचा असेल तर सरासरीही ५.८ आणि ५.६ अशीच लिहायची. दोन ठिकाणांत फरक ०.२ चा, आणि एकाच ठिकाणच्या तीन नमुन्यांत आपापसांत ०.५ ते ०.६ चा. आतला फरकच बाहेरच्या फरकापेक्षा मोठा आहे, तेव्हा या मोजमापावरून दोन ठिकाणांत फरक आहे असं म्हणता येत नाही. ‘फरक दिसला नाही’ हाही निष्कर्षच आहे आणि त्याला पूर्ण गुण मिळतात, हे पहिल्याच आठवड्यात जाहीर करा. नाहीतर मुलं आकडे फिरवतात, आणि आपणच त्यांना तिकडे ढकललेलं असतं.

आकडा शक्य कोटीतला आहे का, हे पाहायची सवयही लावा. समुद्रसपाटीला २५ अंशांवर पाण्यात ऑक्सिजन हवेतून जास्तीत जास्त लिटरला ८.३ मिग्रॅच्या आसपास विरघळतो. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर, म्हणून इथे ७.७ च्या आसपास. वाचन ११ आलं तर दोन शक्यता: टायट्रेशन चुकलं, किंवा दुपारी शेवाळाने भरलेल्या संथ पाण्यात प्रकाशसंश्लेषणामुळे खरोखरच जास्त आहे. दुसऱ्या शक्यतेत ‘ऑक्सिजन भरपूर, म्हणजे पाणी उत्तम’ हा निष्कर्ष सपशेल उलटा ठरतो. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच जागी मोजलं की कळतं, शेवाळ असेल तर पहाटे आकडा बराच खाली येतो. म्हणून पाण्याचं तापमान आणि घड्याळातली वेळ ही दोन्ही नोंदीत हवीतच.

आणि जेवढं मोजलं तेवढंच बोलायचं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषात स्नानाच्या पाण्यासाठी विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान ५ मिग्रॅ, बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जंतूंना लागणारा ऑक्सिजन) कमाल ३ मिग्रॅ, सामू ६.५ ते ८.५, आणि शिवाय कोलिफॉर्म जंतूंची मर्यादा आहे. मुलांनी फक्त ऑक्सिजन मोजला आणि तो ५.६ आला, तर ‘स्नानास योग्य’ असं लिहिता येत नाही. ‘चार निकषांपैकी एक तपासला, तो त्या सकाळी पूर्ण होत होता’ एवढंच. पर्वणीच्या दिवशीचा आणि एरवीचा नमुनाही एकत्र मिसळू नये.

मुलांना चार रकान्यांचा एक तक्ता भरायला द्या: दावा, पुरावा (क्रमांकासह), काय सापडलं असतं तर हा दावा मोडला असता, खात्री पक्की, मध्यम की कच्ची. तिसरा रकाना भरताना सगळे अडतात. अडू द्या, लगेच सांगू नका. जिथे तो भरताच येत नाही तिथे दावा इतका गुळगुळीत असतो की तो कधी खोटा ठरूच शकत नाही.

निफाडकर_वाणिज्य

कांद्याच्या गटासाठी थोडं. बाजार समितीच्या दरपत्रकात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात, क्विंटलला. पेपरच्या मथळ्यात बहुधा कमाल येतो. तो एखाद्या ट्रॉलीला मिळालेला असू शकतो. तुलना सर्वसाधारण दराने करा, आणि तोही गणिती सरासरी समजू नका. बहुतेक माल ज्या दराने गेला तो दर असा त्याचा अर्थ. मुलं किमान-कमाल मिळवून दोनाने भागतात आणि दरपत्रक चुकलंय असं लिहून मोकळी होतात.

आलेखात लाल कांदा आणि उन्हाळ कांदा यांची एकच रेघ काढू नका. लाल टिकत नाही, उन्हाळ चाळीत महिनोन्महिने राहतो, त्यामुळे भावांचं गणितच वेगळं. हंगाम बदलतो त्या आठवड्यांत दोन्ही एकत्र केले तर आलेखात मोठी घसरण किंवा उसळी दिसते जी प्रत्यक्षात झालेलीच नसते. लासलगाव आणि विंचूर उपबाजार यांच्या नोंदीही स्वतंत्र ठेवा. ज्या दिवशी लिलाव बंद तिथे शून्य टाकायचं नाही. वर भूगोलवाल्या सरांनी सांगितलंय ते इथे फार लागू पडतं, कारण एक शून्य आख्ख्या महिन्याची सरासरी पाडतं.

आवकही बरोबर नोंदवा. नुसत्या भावावरून ‘शेतकऱ्याला फायदा झाला’ असं म्हणता येत नाही. भाव चढला तेव्हा विकायला माल किती जणांकडे होता, हे भावाच्या रकान्यात दिसत नाही. आणि शहरातल्या किरकोळ भावाशी ताडून पाहायचं तर दोन्ही किलोवर आणा आणि तारीख एकच घ्या.

पंचवटी_भूगोल

मॅडमनी क्रम विचारला होता तो राहिला. पहिले दोन तास फक्त स्रोतवही आणि चिठ्ठ्या, एकाच कात्रणावर सगळा वर्ग. तिसरा तास ग्रंथपालांनी घ्यावा, प्रत्येक गटाच्या हातात एक खरं पुस्तक देऊन. मग चार आठवडे मुलं बाहेर. दर आठवड्याच्या एका तासाला तुम्ही फक्त वही पाहायची, मजकूर नाही. ऑक्टोबरात बाकावर चिठ्ठ्या आणि कार्डशीट. दिवाळीनंतर रसायनवाल्या सरांचा चार रकान्यांचा तक्ता. अहवाल लिहायला तीन आठवडे पुरतात, कारण तोवर लिहायचं काय हे ठरलेलं असतं. संगणक कक्ष फक्त तक्ता आणि शेवटचं टंकन यांसाठी लागतो, म्हणून निम्म्या-निम्म्या मुलांनी भागतं.

लिहून झाल्यावर एक तास उलटतपासणीचा ठेवा. गटांनी अहवाल, वही आणि फोल्डर अदलाबदल करायची. दुसऱ्या गटाने कुठलीही पाच वाक्यं निवडून २० मिनिटांत मूळ स्रोतापर्यंत जाऊन दाखवायचं. जिथे वाट तुटते तिथे पेन्सिलने फुली. मग मूळ गटाला दुरुस्तीला आठवडाभर. शिक्षकाने काढलेल्या चुकीपेक्षा शेजारच्या गटाने काढलेली चूक मुलं जास्त मनावर घेतात.

वीस गुणांची विभागणी मी अशी सुचवीन: वही आणि चिठ्ठ्या ५, संदर्भ ४, पुरावा आणि निष्कर्ष यांचा मेळ ६, मर्यादा ३, भाषा २. मुखपृष्ठ, रंगीत छपाई, स्पायरल बाइंडिंग यांना शून्य, आणि हे आधीच सांगून टाका. मर्यादेच्या तीन गुणांसाठी ‘वेळ कमी पडला’ हे वाक्य धरायचं नाही. ‘चाळीस जणांची प्रश्नावली एकाच सोसायटीत भरून घेतली, सगळी घरं स्वतःच्या मालकीची, त्यामुळे भाडेकरूंचं मत आलेलं नाही’ असं काहीतरी नेमकं हवं.

गंगापूररोड_मॅडम

हे सगळं छापून विभागात देते. शेवटचं एक: गेल्या महिन्यात मुलांनी उत्साहाने आधीच पुष्कळ गोळा केलंय, विनाक्रमांक. ते टाकून द्यायचं का?

ग्रंथपाल_नाशिकरोड

टाकू नका. एक वेगळं पाकीट करा, वर ‘बेवारस’ लिहा, आणि दोन आठवड्यांची मुदत द्या. तेवढ्यात ज्याचा स्रोत सापडेल त्याला क्रमांक द्या, पण पाहिल्याची तारीख आजची, मागची नाही. फोटो ज्या मोबाईलने काढले त्यात मूळ प्रत अजून असेल तर वेळ-ठिकाण तिथून मिळेल, तेव्हा कोणी मोबाईल रिकामा करण्याआधी आजच विचारा. कात्रणाची तारीख त्याच्या मागच्या बाजूच्या बातम्यांवरून पुष्कळदा लागते. मुदतीनंतर पाकिटात जे उरेल ते अहवालात वापरायचं नाही, मात्र त्यातून सुचलेला प्रश्न ‘म’ चिठ्ठीवर लिहून ठेवायला हरकत नाही.